पॅडल काय बोलतंय?

‘ब्रेक लागत नाही’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं बिनचूक आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, नकार आहे. गॅरेजमध्ये मात्र या वाक्याला काही किंमत नसते. डॉक्टरपुढं बसून नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणावं, तसं ते आहे. पॅडल पहिल्या दाबात खाली जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबात वर येतं, हा एक आजार. पॅडल वर लागतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू बसत जातं, हा दुसरा. रबरी चेंडूवर पाय ठेवल्यासारखं लागतं, हा तिसरा. चार किलोमीटर चालल्यावर न दाबताच ब्रेक धरून ठेवतो, हा चौथा. प्रत्येकाचं औषध वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात आणि आजार तिथंच राहतो.

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. गाड्यांशी माझा संबंध एरवी माझ्या स्कूटीपुरता. तरी गेली उन्हाळ्याची सुट्टी मी एका जीपच्या पॅडलपाशी घालवली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

जीप माझ्या धाकट्या भावाची. मिरजेजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं छोटं काम आहे. चार वर्षांपूर्वी त्यानं एका शेतकऱ्याकडून जुन्या सीजे-थ्री-बी जीपची चासी विकत घेतली. आर. सी. बुक जागेवर होतं, म्हणून घेतली, असं तो सांगतो. माझ्या मते कागद नसते तरी त्यानं काहीतरी वाट काढली असती. मग इंजिन एकीकडून, गिअरबॉक्स दुसरीकडून, ड्रम भंगारातून, सीटच्या स्प्रिंगा कुणाच्या तरी जुन्या सोफ्यातून, असं करत करत ती आमच्या अंगणात उभी राहिली. बॉडीचा पत्रा त्यानं स्वतः कापला, स्वतः ठोकला. अम्मीच्या शेवग्याच्या एका फांदीचा त्यात बळी गेला. ‘दारात उंट बांधलाय माझ्या लेकानं,’ असं अम्मी शेजारणींना सांगायची, आणि सांगताना खूश दिसायची.

उंटच तो. सीजे-थ्री-बीचं बॉनेट इतर जीपांपेक्षा उंच असतं. १९५३ साली अमेरिकेत विलिजनं हे मॉडेल काढलं तेव्हा त्यातलं नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, म्हणून त्याच्यावरचं झाकण वर उचललं, इतकी साधी गोष्ट. दिसायला त्यामुळं ती जरा नाक वर करून चालल्यासारखी वाटते. हीच जीप पुढं आपल्याकडं महिंद्रनं कितीतरी वर्षं बनवली. आता ओघात निघालंच आहे तर सांगते, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं की ती डोळे मोठे करतात. १९४५ साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होतं. महिंद्र म्हणजे जे. सी. आणि के. सी. हे दोघे भाऊ, आणि मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. इकडं १९४८ मध्ये पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आलं. एम अँड एम ही अक्षरं आधीचीच राहिली. नाव बदललं तरी अक्षरं बदलावी लागली नाहीत, याची मला नेहमी गंमत वाटते आणि जरा वाईटही वाटतं.

असो. जीप चालायला लागली ती मार्चमध्ये. मे महिन्यातल्या एका रविवारी भाऊ त्याची दोन पोरं आणि माझी मुलगी अशी वरात घेऊन दंडोबाच्या डोंगरावर गेला. चढताना सगळं छान. उतरताना एका वळणाआधी त्यानं ब्रेक दाबला, पॅडल लागलं, आणि पायाखाली हळूहळू बसत बसत फळीला टेकलं. गाडी खालच्या गिअरमध्ये होती. त्यानं हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या चरात चाक घालून गाडी थांबवली. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागं, प्रॉपेलर शाफ्टवर असतो, आणि पॅडलच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नसतो. ते बरं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भावानं घरी काही सांगितलं नाही. माझ्या मुलीनं मात्र त्याच संध्याकाळी, जेवताना, ‘मामूची गाडी थांबतच नव्हती, खूप मजा आली’ असं सांगून टाकलं.

प्रश्न नुसता दंडोबाचा नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात खालाजानच्या नातीचं लग्न होतं, साखरप्याला. म्हणजे कोल्हापूरहून पुढं आंबा घाट उतरायचा. आणि भावानं अम्मीला शब्द दिला होता की तुझ्या बहिणीच्या दारात मी माझ्या हातानं बनवलेल्या गाडीतून तुला उतरवणार. अम्मीनं तो शब्द कोकणात सगळ्यांना फोन करून सांगितला होता. त्यामुळं ब्रेकचं काम आता तारखेचं झालं.

मी यात आले ती वाचायला. मिस्त्रीचाचा अब्बांचे दोस्त. वय सत्तरीच्या पुढं, पन्नास वर्षं जीप आणि ट्रक खोलण्यात गेलेली. त्यांच्या हाताला सगळं येतं, अक्षर येत नाही. भावानं कुठूनतरी मूळ सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स मिळवली होती, जुन्या इंग्रजीतली, बारीक टाइपातली. तो ते वाचायचा, पण चाचांना सांगताना स्वतःचं मत मिसळायचा. एक दिवस चाचा वैतागले. ‘इसकू बंद करो. टीचरकू बुलाओ. लिखा हुआ है वैसाच पढ़ती वो.’ मग रोज असरच्या नमाजनंतर मी अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले.

पहिल्याच दिवशी चाचांनी मला वाचू दिलं नाही. म्हणाले, ‘पहले बैठ गाड़ी में. चप्पल निकाल. पाँव रख. दबा. अब बोल, पॅडल क्या बोलताय?’

मी म्हटलं, ‘खाली जातंय.’

‘जाताय क्या बैठताय?’

हा फरक मला त्या दिवशी कळला. जाणं वेगळं आणि बसणं वेगळं. मराठीत तर तो शब्दातच आहे. दाबल्यावर लगेच, विरोध न करता पॅडल खाली ‘जातं’, तेव्हा पॅडलला आपलं काम सुरू करायला फार लांब जावं लागत असतं. ड्रम आणि लायनर यांच्यातली फट वाढली असेल तर असं होतं. जुन्या ड्रमब्रेकला ही फट आपोआप कमी होत नाही. लायनर झिजला की पाना घेऊन मागच्या प्लेटवरचे अ‍ॅडजस्टर फिरवावे लागतात. अशा वेळी दोनतीनदा भराभर दाबलं की पॅडल वर येतं. पण एकदा घट्ट लागून नंतर ‘बसतं’, तेव्हा कुठंतरी दाब निसटतो आहे. आमचं बसत होतं. घड्याळ लावून मी पाय ठेवला. मिनिटभरात पॅडल फळीला टेकलं.

इथं जरा यंत्र सांगावं लागेल. पॅडल म्हणजे एक तरफ. ती आपला जोर पाच-सहा पट करून एका दांडीला देते. दांडी मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलते. समजा पायाचा जोर २० किलो आणि तरफ सहा पट, तर दांडीवर १२० किलो. सिलिंडरचा व्यास एक इंच असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाइपातल्या द्रवावर दर चौरस सेंटिमीटरला २४ किलो दाब. विज्ञानाच्या पुस्तकातल्या पास्कलच्या नियमानं हा दाब सगळीकडं सारखा पोचतो, चारी चाकांपाशी, पाइप कितीही वाकडा गेला तरी. माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन माणसानं ही कल्पना मोटारीला लावली आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत ती चारी चाकांवर आली. हुशारीची कल्पना आहे, पण तिच्यात एक धोका आहे. आमच्यासारख्या जुन्या गाडीत सगळा द्रव एकाच सर्किटमध्ये असतो. एक रबर फाटलं, एक पाइप फुटला, की चारी चाकांचा ब्रेक एकदम जातो. पुढं दोन वेगळी सर्किटं आली, अमेरिकेत तर १९६८ पासून मोटारींना ती सक्तीची झाली. आमच्या उंटाला मात्र एकच नस आहे.

दाब निसटतो आहे म्हटल्यावर पहिला शोध बाहेरचा. चाचांनी चारी टायरांची आतली बाजू हातानं पुसून बघितली. व्हील सिलिंडर गळत असेल तर तिथं ओल येते. नव्हती. पाइपाचे सांधे कोरडे. मास्टर सिलिंडर या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली, चासीला असतो. फळीतल्या भोकातून झाकण उघडून पातळी बघितली. चार दिवस रोज बघितली. थेंबभरही कमी नाही. आता द्रव कुठंच जात नाही आणि पॅडल तरी बसतं, याचा अर्थ एकच. द्रव आतल्या आत, पिस्टनच्या रबरी कपाच्या कडेनं मागं सरकतो आहे. बाहेर एक थेंब नाही, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे.

भाऊ म्हणाला, ‘पण आपा, रबर किट मी नवीनच टाकलंय!’ टाकलं होतं, ते खरं. सिलिंडर खोलला, चाचांनी करंगळी आत घालून फिरवली आणि बाहेर काढून मलाही फिरवायला सांगितलं. देवीच्या वणासारखे बारीक खड्डे लागले. गंज. नव्या रबराला टेकायला गुळगुळीत भिंतच नव्हती. किट आणणं स्वस्त, सिलिंडर महाग, म्हणून बहुतेक जण किट आणतात आणि आतली भिंत बघत नाहीत.

गंज आला कुठून? ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो त्यातून. माझ्या मते या नावानंच अर्धा घात केला आहे. ते तेल नाहीच. साधारण जे वापरतात ते ग्लायकॉल जातीचं द्रव्य असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, मीठ ओढतं तसं. डबीवर डॉट-३ लिहिलेलं असेल तर नवं असताना त्याचा उकळबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ठरावीक पाणी शोषल्यावर निदान १४०. डॉट-४ ला हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून ड्रम तापले की हा फरक जिवाशी येतो. जुना, पाणी प्यालेला द्रव उकळतो, त्याची वाफ होते आणि पॅडल रिकामं जातं. शिवाय ‘ऑइल’ म्हटल्यावर कुणीतरी कधीतरी अडचणीत इंजिन ऑइल ओततंच. तसं केलं की आतली सगळी रबरं फुगून बसतात. चाचांनी असे कितीतरी ट्रक खोललेत. मी त्यांना म्हटलं, ‘चाचा, याला ब्रेकचं पाणी म्हणायला हवं होतं.’ ते म्हणाले, ‘फिर पानीच डालते लोगाँ.’ बरोबर आहे. शब्द बदलून लोक सुधारत नाहीत.

नवा सिलिंडर कोल्हापूरहून आला. चाचांनी तो गाडीला लावण्याआधीच वाइसमध्ये धरून, भरून, आतली हवा काढली. मग चाकांची हवा काढायची पाळी. हे दोघांचं काम आहे आणि त्यात मी पाय होते. चाचा चाकामागं, निपलवर पाना आणि प्लॅस्टिकची नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेलं. हुकूम तीनच. ‘दबा.’ ‘पकड़.’ ‘छोड़.’ दबा म्हटल्यावर सावकाश दाबायचं, धसमुसळेपणा करायचा नाही. पकड़ म्हटल्यावर ते निपल उघडतात, पॅडल खाली जातं, आणि ते निपल बंद करेपर्यंत पाय वर घ्यायचा नाही, घेतला की हवा परत आत. मग छोड़. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात, आमच्या जीपमध्ये मागचं डावं, आणि जवळच्या चाकावर शेवट. वर्गात मी ‘उघड, बंद कर, धर, सोड’ अशा आज्ञार्थी क्रियापदांचे धडे घेते. एवढ्या काटेकोरपणे ती कधी पाळली गेल्याचं मला आठवत नाही.

बसणं थांबलं. मिनिटभर पाय ठेवला, दोन मिनिटं ठेवला, पॅडल जागचं हललं नाही. भाऊ अम्मीला सांगायला पळाला. चाचांनी स्वतः पाय ठेवला आणि मान हलवली. ‘बैठता नै अब. लेकिन फुगताय.’

म्हणजे तिसरा आजार. पॅडल एका जागी थांबतं, पण दगडासारखं नाही. दाबलं की थोडं खाली, सोडलं की परत ढकलतं, उशीसारखं. असं लागलं की सगळे म्हणतात हवा राहिली. द्रव दबत नाही, हवा दबते, म्हणून हे बरोबरही असतं. पुन्हा हवा काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाच वेळा काढली. तिसऱ्या वेळेपासून बाटलीत एक बुडबुडा आला नाही, पण भाऊ ऐकेना, कारण तारीख जवळ येत होती. ‘आपा, लागतोय की ब्रेक! एवढं सगळ्याच जुन्या गाड्यांत असतं.’ इथं आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, अम्मी त्या गाडीत घाटात बसणार नाही. तो म्हणाला, गाडी मी बनवलीय, मला कळतं. मी म्हटलं, दंडोबाला काय कळलं होतं? हे बोलायला नको होतं असं घरातल्या काही जणांचं मत आहे. माझं नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चाचा मात्र त्याला शांतपणे एवढंच म्हणाले, ‘मिरज में दवाखाने बहुत हैं बेटा. घाट में एक भी नै.’

हवा नाही तर मग काय? पॅडलची उशी हवेशिवायही होते. रबरी होज पाइप जुना असेल तर दाबाखाली तो फुग्यासारखा फुगतो आणि पायाला तसंच लागतं. आमचे होज नवे होते, तरी चाचांनी एक युक्ती केली. होजवर कापड गुंडाळून, जपून, चिमट्यानं एकेक बाजू बंद करायची आणि दर वेळी पॅडल दाबायचं. मागची बाजू बंद केली, पॅडल तसंच उशीसारखं. पुढची बंद केली आणि पॅडल एकदम दगड. दोष पुढच्या चाकांत. अर्ध्या तासाचं काम, आणि निम्मी गाडी संशयातून सुटली. मला हे फार आवडलं. वर्गात चोरी झाल्यावर सगळ्यांची दप्तरं तपासणाऱ्या काही शिक्षकांनी हे बघायला हवं.

पुढचे ड्रम काढले. भंगारातून आणलेले, लेथवर खरादून चकचकीत केलेले, आणि शूवर नवे कोरे लायनर. बघायला सगळं देखणं. चाचांनी माझ्याकडं हात केला. ‘खड़ू है क्या?’ शिक्षिकेच्या पर्समध्ये खडू असतोच. त्यांनी लायनरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडू घासला, ड्रम चढवला, मला हलकेच ब्रेक दाबायला सांगितला, चाक हातानं फिरवलं आणि ड्रम परत उतरवला. लायनरच्या मध्यावर दोन बोटांएवढा पट्टा पुसला गेला होता. दोन्ही टोकांचा खडू जसाच्या तसा पांढरा.

भंगारातले ड्रम आधीच कुणीतरी खरादलेले होते, भावानं पुन्हा खरादून घेतले. त्यामुळं त्यांचा घेर मूळ नऊ इंचांपेक्षा वाढला. लायनर मात्र मूळ मापाचे, म्हणजे लहान घेराचे. मोठ्या कढईत लहान कढई ठेवली तर ती तळाशी मधेच टेकते आणि कडा मोकळ्या राहतात, तसं. पाय दाबला की शू मध्यावर टेकतो, आणि आणखी दाबलं की तो कडांकडं वाकायला बघतो. ते वाकणं पायाला उशीसारखं लागतं. हजार वेळा हवा काढली असती तरी ते गेलं नसतं. पूर्वी नवा लायनर बसवला की तो त्या त्या ड्रमच्या घेराला घासून द्यायची रीत होती. आता नवे शू आणतात आणि तसेच चढवतात.

जास्त खरादलेला ड्रम पातळ होतो, तापला की लवकर ताणतो, आणि एका मर्यादेपलीकडं तो फेकूनच द्यावा लागतो. चाचांनी माप घेतलं आणि दोन्ही ड्रम बाजूला ठेवले. भावाचा चेहरा उतरला. दुसरी, कमी झिजलेली जोडी शोधण्यात आठवडा गेला. सांगलीत लायनरचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं ड्रम समोर ठेवून त्याच्या घेराला लायनर घासून दिले. दुकानाच्या दारात त्यानं पाण्याची बादली ठेवली होती आणि धूळ ओल्या फडक्यानं टिपत होता. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. चाचांनी आयुष्यभर ती तोंडानं फुंकून उडवली. त्यांचा खोकला ऐकला की मला ते आठवतं.

या सगळ्यात लग्नाची तारीख आली. आम्ही एसटीनं गेलो. अम्मी खालाजानच्या दारात रिक्षातून उतरली आणि कोकणातल्या मंडळींनी ‘जीप कुठाय?’ म्हणून तिला हैराण केलं. ‘मापात बसवतायत,’ असं ती प्रत्येकाला सांगत होती, जणू जीप दर्ज्याकडं टाकली आहे.

परत आल्यावर खडूची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी लायनर जवळजवळ पूर्ण पुसला गेला. पॅडल वर लागलं, घट्ट लागलं, बसलं नाही, फुगलं नाही. भाऊ एकटाच गाडी घेऊन मालगावच्या रस्त्यानं गेला आणि अर्ध्या तासानं फोन आला. गाडी ओढत नाही, ड्रमला हात लावला तर चटका बसतो.

चौथा आजार. चाचा हसलेच. हे त्यांना आधीच दिसलं होतं की काय, मला शंका आहे. त्यांनी फोनवरच एक गोष्ट करायला सांगितली. पुढच्या एका चाकाचं निपल किंचित उघड, आणि द्रव कसा येतो बघ. पिचकारीसारखा आला आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे शूची स्प्रिंग अडकलेली नव्हती, पाइपात दाब कोंडला होता. पॅडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधलं एक बारीक भोक उघडं व्हायला लागतं. त्यातून, तापून वाढलेला द्रव वर टाकीत परत जातो. पिस्टन पूर्ण मागं आला नाही तर ते भोक झाकलेलं राहतं, द्रव तापतो, फुगतो, शू ड्रमला दाबून धरतो, त्यानं आणखी तापतो. पिस्टन मागं का येत नव्हता? पॅडलची दांडी भावानं स्वतः वेल्ड करून बनवली होती, आणि ती थोडी लांब होती. जुन्या सिलिंडरला ती चालून गेली असावी.

इथं पहिल्यांदा मॅन्युअल कामाला आलं. मी वाचून दाखवलं की दांडी पिस्टनला टेकण्याआधी पॅडल अर्धा इंच मोकळं हललं पाहिजे. इंग्रजी शब्दाला मी ‘मोकळी चाल’ म्हटलं. चाचा म्हणाले, त्याला आम्ही ‘खेल’ म्हणतो. दांडी कमी केली, बोटानं दाबल्यावर पॅडल अर्धा इंच रिकामं हलू लागलं. मग त्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि मला पॅडल अगदी हळू दाबायला लावलं. दाबाच्या सुरुवातीलाच टाकीत द्रवाचं छोटंसं कारंजं उडालं. भोक उघडं आहे, याची ही खूण. (झाकण उघडं असताना तोंड जवळ नेऊ नये. आणि तो द्रव रंगावर पडला तर रंग जातो, आमच्या नव्या हिरव्या पत्र्यावर त्याचा एक डाग आहे.)

त्यानंतर जीप दोनशे किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालली, मग पुन्हा अ‍ॅडजस्टर फिरवले, कारण नवा लायनर बसताना थोडा झिजतोच. आंबा घाट सप्टेंबरमध्ये झाला. अम्मी पुढं बसली होती. उतारावर भाऊ खालच्याच गिअरमध्ये राहिला आणि पॅडलला लागेल तेवढाच पाय लावला. त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चाचांकडं एक पोरगा काम शिकतो, सोळा-सतरा वर्षांचा, मराठी शाळेतून आलेला. त्यानं मला सांगितलं, मॅडम, चाचा विचारतात ते प्रश्न लिहून द्या, मी भिंतीवर लावतो. मी आधी उर्दूत लिहायला घेतलं, चाचांची बोली तशीच उतरवावी म्हणून. पण पोराला उर्दू वाचता येत नाही, आणि चाचांना काहीच वाचता येत नाही. मग मराठीत लिहिलं. पॅडल जातं की बसतं? भराभर दाबल्यावर वर येतं का? टाकीतली पातळी उतरते का? टायरच्या आत ओल आहे का? उशी लागते की दगड? गाडी गार असताना होतं की तापल्यावर? मोकळी चाल किती? शेवटच्या प्रश्नावर पोरगा अडला. म्हणाला, इथं ‘खेळ’ लिहा, चाल कुणी म्हणत नाही. मी म्हटलं, खेळ लिहिलं तर बाहेरचा माणूस वाचून हसेल. तो म्हणाला, बाहेरचा माणूस भिंत वाचायला येत नाही मॅडम. ‘खेळ’ लिहिलं.